वॅक्स कोणतं, कुठे?

हातापायांना पट्टीने ओढायचं साधं वॅक्स पुरतं. साखर-लिंबाचं घरगुतीही चालतं. काखेत मात्र केस जाड, आणि उगवतात भलत्याच दिशांना. तिथे पट्टीशिवाय निघणारं हार्ड वॅक्स बरं, ते कातडीपेक्षा केसांना जास्त धरतं. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून किती गरम आहे ते बघा. पार्लरमध्येही हे सांगायला लाजू नका. केसांच्या दिशेने लावा, कातडी ताणून धरा आणि उलट दिशेने, पट्टी वर न उचलता अंगालगत खेचा. चेहऱ्याला रेटिनॉल किंवा अडापलीन असलेलं क्रीम किंवा जेल लावत असाल तर तिथे वॅक्स नको, सालपट निघतं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर कुठेच नको.