काळी, हॉप्सच्या सुगंधाची एल घरी कशी करावी

इंदूरमध्ये घरी बिअर गाळण्यापूर्वी मध्य प्रदेशच्या अबकारी नियमांनुसार लागणारी परवानगी घ्यावी. ती मिळाली, तर डिसेंबर-जानेवारी हाच खरा हंगाम होय. एल या बिअरच्या प्रकाराच्या यीस्टला 18 ते 20 अंश सेल्सिअस तापमान मानवते आणि एप्रिलनंतर इथल्या घरात ते टिकवणे कूलरच्या आवाक्यातले नाही.

10 लिटरसाठी अडीच किलो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेली फिकट बार्ली) दळून 66 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवावे आणि गाळलेला रस उकळावा. रंगासाठी 150 ग्रॅम सोललेले काळे माल्ट मात्र वेगळे, रात्रभर थंड पाण्यात भिजवून, गाळून त्याचा अर्क उकळी संपता संपता घालावा, कारण ते गरम पाण्यात फार वेळ राहिले की जळक्या कॉफीसारखा तुरटपणा उतरतो आणि हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांचा, सुगंध त्याखाली दडपला जातो. नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यातील क्लोरीन आधी उकळून घालवावे, नाहीतर बिअरला औषधी वास येतो.

हॉप्सच्या तीन जाती लागतात: उकळीच्या आरंभी कडवटपणासाठी 10 ग्रॅम कोलंबस, आच बंद केल्यावर 25 ग्रॅम सिमको आणि किण्वन (यीस्टमुळे रस आंबणे) मंदावल्यावर तीन दिवस 40 ग्रॅम कॅस्केड घालावे. शेवटच्या मात्रेत काटकसर करू नये. हॉप्स फ्रीजरमध्येच ठेवावेत. जुन्या हॉप्सना चीजसारखा दर्प येतो.

बिअरची घनता सलग तीन दिवस स्थिर राहिल्याशिवाय, म्हणजे किण्वन पूर्ण झाल्याशिवाय, बाटल्या भरू नयेत, भरताना लिटरमागे 6 ग्रॅम साखर पुरते. घाई केल्यास बाटल्या फुटतात.