बिल्डमध्ये कमांड-लाइन टूल जोडायचंय? आधी एक्झिट कोड बघा

कुठलंही टूल बिल्डमध्ये (कोड तपासून त्यातून प्रोग्राम आपोआप बनवणारी प्रक्रिया) घुसवायच्या आधी टर्मिनलवर हाताने चालवा आणि लगेच 'echo $?' मारा. बिल्डला स्क्रीनवरचा लाल मजकूर कळत नाही हो, त्याला कळतो फक्त एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना मागे सोडते तो आकडा: 0 म्हणजे ठीक, बाकी काहीही आलं की गडबड. 127 आला तर कमांडच सापडली नाही, बहुतेक वेळा पाथचा (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायची त्या यादीचा) लोचा. 126 म्हणजे फाइल आहे पण चालवायची परमिशन नाही.

खरी गोची पाइपमध्ये, म्हणजे एका कमांडचं आउटपुट '|' लावून दुसरीला देतो तिथे. लिंटरचं (कोडमधल्या चुका शोधणारं टूल) आउटपुट स्क्रीनसोबत लॉग फाइलमध्येही जावं म्हणून आपण पुढे 'टी' (tee) कमांड लावतो, आणि मग लिंटर आपटला तरी बॅश (कमांड चालवणारा शेल) शेवटच्या कमांडचा, म्हणजे टीचा कोड धरतो, तो 0, बिल्ड हिरवा, आणि तुम्ही अंधेरीहून फास्टमध्ये लटकलेले असताना लीडचा फोन. म्हणून बॅश स्क्रिप्टच्या वरतीच 'set -eo pipefail' टाकाच, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड आपटली तरी स्क्रिप्ट थांबते, यावर वाद नको.

मेकफाइल ('मेक' या बिल्ड टूलची फाइल) वापरत असाल तर रेसिपीची, म्हणजे त्यातल्या कमांडच्या यादीची, प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये चालते, एका ओळीत केलेलं 'cd' (फोल्डर बदलणं) पुढच्या ओळीला माहीतच नसतं, दोन्ही कमांड एकाच ओळीत && ने जोडा. आणि रेसिपीच्या ओळीच्या सुरुवातीला टॅबच हवा, स्पेस नाही (मेक 1976 सालचं आहे, खोडी राहणारच).

टूलचं व्हर्जन फिक्स करा, 'लेटेस्ट' लिहू नका. आणि ते मध्येच 'येस की नो' विचारणारं असेल तर तो प्रश्न बंद करायचा फ्लॅग शोधा, सर्व्हरवर उत्तर द्यायला कोणी बसलेलं नसतं, बिल्ड नुसता लटकून राहतो.