सिंथमधला यूएसबीचा बारीक ‘चिंईं’ आवाज असा गेला

पुण्यात कोथरूडच्या घरी सिंथ (सिंथेसायझर, आवाज तयार करणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य) यूएसबीने लॅपटॉपला जोडला की स्पीकरमधून चिंईं यायचं. माउस हलवला की त्याचा सूर बदलायचा. तपकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, नवी केबल आणि फेराइट (केबलमधला गोंगाट दाबणारं कडं) आणले, सॉकेट बदललं. फरक शून्य. फार वैताग आला.

कारण ग्राउंड लूप: यूएसबी आणि ऑडिओ केबल, दोन्हींतून ग्राउंड (विजेची शून्य पातळीची तार) जुळतं, वेटोळं तयार होतं आणि त्यातून लॅपटॉपचा गोंगाट ऑडिओत शिरतो.

आधी सगळं बंद केलं. यूएसबी काढली. ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉप आणि वाद्यं जोडणारा डबा) घेतला. त्याच्या मिडी आउटमधून (मिडी म्हणजे कोणता सूर वाजवायचा हे सांगणारे संदेश) सिंथच्या मिडी इनमध्ये पाच पिनांची केबल लावली. मग सॉफ्टवेअरमध्ये मिडी आउटपुट म्हणून इंटरफेसचा पोर्ट निवडला. मिडी इनमध्ये ऑप्टोकपलर असतो. सिग्नल प्रकाशातून जातो, ग्राउंड जुळतच नाही. चिंईं पूर्ण बंद.

लूप तोडायला प्लगची अर्थिंग पिन मात्र कुणी काढू नका, शॉकचा धोका असतो.