प्रिंटरचा कागद निवडताना या चुका टाळा

दुकानात नुसतं ‘प्रिंटरचा कागद द्या’ म्हटलं, की बहुतेक वेळा 75 जीएसएमची (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) ए-4 रिम हातात पडते. साध्या पत्रांना ती चालते. पंचाईत होते ती फोटो, लेबलं, जाड कार्ड किंवा बिलाचा रोल घ्यायची वेळ आली की. म्हणून कागदाआधी यंत्राकडे बघा. लेझर प्रिंटर टोनरची पूड उष्णतेने वितळवून कागदावर चिकटवतो, इंकजेट ओली शाई फवारतो, डॉट मॅट्रिक्स रिबिनीवर सुया ठोकतो आणि थर्मल प्रिंटर कागदालाच तापवून काळा करतो. ताप, ओल आणि ठोका यांपैकी काय सोसायचं आहे, त्यावर कागद ठरतो.

इंकजेटचा फोटो पेपर लेझरमध्ये घालू नका

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. लेझरमधल्या फ्यूजरचं, म्हणजे टोनर वितळवणाऱ्या तापत्या रोलरचं, तापमान साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसच्या घरात असतं. चकचकीत फोटो पेपरवरचा प्लॅस्टिकचा थर तिथे मऊ पडतो आणि पान रोलरला गुंडाळलं जातं. इंकजेटसाठी बनवलेल्या पारदर्शक शीटचंही तेच होतं. असं घडलंच, तर प्रिंटर बंद करून अर्धा तास थंड होऊ द्या, मागचं झाकण उघडा आणि कागद दोन्ही हातांनी, तो ज्या दिशेने बाहेर येतो त्याच दिशेने, सावकाश ओढा. रोलरवर चिकटलेला थर सुरीने किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. एक ओरखडा पडला, तरी पुढे प्रत्येक पानावर ठरावीक अंतराने डाग उमटत राहतो आणि शेवटी फ्यूजर बदलावाच लागतो.

उलटी चूकही होते. लेझरचा ग्लॉसी किंवा छापखान्यातला आर्ट पेपर इंकजेटमध्ये घातला, तर शाई आत मुरतच नाही. तासाभराने बोट फिरवलं तरी पसरते. काही इंकटँक प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची (बारीक रंगकणांची) आणि रंगीत शाई डायची (विरघळलेल्या रंगाची) असते. अशा प्रिंटरमध्ये फोटो पेपर ठेवून सेटिंग मात्र ‘प्लेन पेपर’ राहिलं, तर पिगमेंटची काळी शाई चकचकीत थरावर बसत नाही. कागद बदलला की प्रिंट देताना पेपर टाइपही बदला. फोटो पेपरची छापायची बाजू ओळखू येत नसेल, तर कोपऱ्याला किंचित ओलं बोट लावा. जी बाजू चिकटेल ती छापायची.

जीएसएम आणि जाडी

ए-4 ची 500 पानांची रिम 70 जीएसएमची असेल तर सुमारे 2 किलो 180 ग्रॅम भरते, 75 ची 2 किलो 340 आणि 80 ची 2 किलो 500 ग्रॅम. वेष्टणाचं वजन वेगळं. शंका आली तर रिम सरळ काट्यावर ठेवा. पाठपोट छापायचं असेल तर 75 च्या खाली जाऊ नये. सर्वोच्च न्यायालयानेही 1 एप्रिल 2020 पासून पाठपोट छापलेला, किमान 75 जीएसएमचा ए-4 कागद ठरवून दिला आहे.

जाड कार्डाची कमाल मर्यादा प्रिंटरच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. ती पाळली, तरी ‘थिक’ किंवा ‘कार्डस्टॉक’ सेटिंग निवडायलाच हवं. मग प्रिंटर वेग कमी करून टोनर नीट भाजतो. नाहीतर कार्ड दुमडताच घडीवरची अक्षरं खपल्यांसारखी निघतात. मागचं दार उघडून पान सरळ बाहेर पडू दिलं, तर कार्ड वाकतही नाही.

पावसाळा आणि पाठकोरे कागद

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर उघडी पडलेली रिम हवेतली ओल पिते. लेझरमध्ये असा कागद गुंडाळी होऊन बाहेर येतो, मधेच फिकट पट्टे दिसतात, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात. दोष प्रिंटरचा समजून रोलर बदलण्याआधी नवी, बंद रिम फोडून दहा पानं काढून बघा. रोज लागतील तेवढीच पानं ट्रेमध्ये ठेवा. उरलेली रिम मूळ वेष्टणात, वरून प्लॅस्टिकच्या पिशवीत, जमिनीपासून वर ठेवा.

पाठकोरे कागद वापरण्यामागची काटकसर योग्यच आहे, पण ते कच्च्या हिशेबासाठी ठेवा. लेझरमधून पुन्हा काढले, तर मागचा टोनर परत वितळून रोलरला लागू शकतो. विसरलेली एक स्टेपलची पिन ड्रम, म्हणजे कागदावर टोनर उतरवणारा दंडगोल, खराब करते. लेबलशीटचंही तसंच. अर्धी लेबलं सोलून वापरलेली शीट पुन्हा घालू नका, उघडा गोंद आत चिकटतो.

लीगल आणि ‘लेजर’

प्रिंटरच्या यादीतला लीगल कागद 216 × 356 मिलिमीटरचा असतो. आपल्याकडे लीगल किंवा एफएस (फुलस्केप) म्हणून मिळणारा कागद बऱ्याचदा 215 × 345 चा भरतो. तो एक सेंटिमीटर कमी पडला, की शेवटची ओळ कापली जाते किंवा प्रिंटर साइज चुकल्याचा इशारा देत थांबतो. पट्टीने मोजा आणि कस्टम साइज भरा. आणखी एक घोळ उच्चाराचा आहे: लेझर प्रिंटरचा कागद मागितला तरी ‘लेजर’ ऐकून करारनाम्याचा हिरवट लेजर पेपर पुढे येऊ शकतो.

डॉट मॅट्रिक्स

या प्रिंटरच्या सेटिंगमध्ये पानाची लांबी ओळींत भरतात: 12 इंची कागदाला 72 ओळी, 11 इंचीला 66. सेटिंग चुकलं तर छपाई दर पानाला एक इंच, म्हणजे सहा ओळी, सरकत जाते. कागदाच्या कडेची भोकं फाटत असतील तर कागदाचा लिव्हर ट्रॅक्टरवर, म्हणजे भोकांत दात अडकवून कागद ओढणाऱ्या चाकांच्या खुणेवर, आहे का ते बघा. तीन प्रतींच्या कागदाला जाडीचा लिव्हर मोकळा करा. कार्बनलेस संच (ठोक्याने खालच्या पानावर आपोआप प्रत उमटवणारा कागद) लेझर किंवा इंकजेटमध्ये घालून प्रत उमटत नाही, कारण तिथे ठोकाच नाही.

बिलाचा थर्मल रोल

पूर्ण कोरं बिल आलं, तर आधी रोल उलटा बसलाय का ते पाहा. नखाने ओरखडा काढा, काळी रेघ उमटेल ती बाजू हेडकडे, म्हणजे कागद तापवणाऱ्या पट्टीकडे, हवी. 80 मिलिमीटरच्या प्रिंटरमध्ये 57 चा रोल तसाच घालू नका, मोकळ्या भागात रबरी रोलर थेट हेडवर घासतो. ऊन, तेलकट हात, सॅनिटायझर यांनी छपाई उडते. वॉरंटीचं बिल लॅमिनेट केलं तर उष्णतेने अख्खं काळं पडतं. त्याची त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि हवं तर ती लॅमिनेट करा.