टायरचा आकार बदलला की गिअर किती लांब होतो: आधी आकडेमोड, मग खरेदी

मोठे टायर घातल्यावर गिअरबॉक्समधला एकही दाता बदलत नाही, तरी गाडीचा पिकअप बसतो. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी किती पुढे सरकते हे टायरचा घेर ठरवतो. घेर वाढला की त्याच आरपीएमला (इंजिनच्या मिनिटातल्या फेऱ्यांना) वेग जास्त मिळतो आणि ओढ कमी. घेर घटला की याच्या उलट. हा फरक टायर घेण्याआधी कागदावर काढता येतो.

टायरवर १८५/६५ आर१५ असं लिहिलं असेल, तर १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि १५ हा रिमचा इंचातला व्यास. साइडवॉल १८५ × ०.६५ = १२०.२५ मिमी. ती रिमच्या वर आणि खाली अशी दोनदा धरायची, म्हणजे २४०.५. रिम १५ × २५.४ = ३८१. बेरीज ६२१.५ मिमी, हा टायरचा पूर्ण व्यास.

त्याच रिमवर २०५/६५ घातला तर व्यास ६४७.५ मिमी होतो, म्हणजे ४.२ टक्के वाढ. बरेच जण इथेच फसतात. त्यांना हवी असते फक्त रुंदी, पण ६५ हा रुंदीचा टक्का असल्याने उंचीही वाढते. रुंदीच हवी असेल तर २०५/६० आर१५ पाहा: व्यास ६२७ मिमी, वाढ एक टक्क्याच्याही आत. १६ इंची रिमवर जायचं असेल तर १९५/५५ आर१६ चा व्यास ६२०.९ मिमी, म्हणजे गिअरिंग जवळपास तसंच.

आता गिअरचा हिशेब. फायनल ड्राइव्हच्या, म्हणजे गिअरबॉक्सनंतर चाकांकडे जाणाऱ्या शेवटच्या गिअरजोडीच्या, गुणोत्तराला जुन्या व्यासाने गुणा आणि नव्या व्यासाने भागा. मूळ गुणोत्तर ४.१० असेल तर २०५/६५ वर ते ३.९४ असल्यासारखं वागतं, आणि तेही पहिल्यापासून रिव्हर्सपर्यंत प्रत्येक गिअरमध्ये. टॉप गिअरचं गुणोत्तर ०.८० धरलं तर ताशी १०० किमीला इंजिन सुमारे २,८०० ऐवजी २,६९० आरपीएमवर फिरेल. सपाट हायवेवर हे बरंच वाटतं. अडचण चढावर भरल्या गाडीने सुटताना येते: हाफ क्लच जास्त वेळ धरावा लागतो आणि क्लच प्लेट लवकर झिजते. ऑटोमॅटिक गाडी चढावर दोन गिअरमध्ये वरखाली करत राहते आणि गिअरबॉक्सचं तेल तापतं. ब्रेकचंही तेच. डिस्क तीच, पण टायरची त्रिज्या मोठी, म्हणून तेवढ्याच दाबाला रोखण्याचा जोर कमी पडतो. शिवाय मोठा टायर बहुधा जड असतो आणि ते वजन चाकाच्या कडेला फिरतं, त्यामुळे पिकअप गणितापेक्षा थोडा जास्तच बसतो.

किती फरक चालतो? नव्या टायरचा ट्रेड, म्हणजे नक्षीची खोली, ८ मिमी आणि बदलायची मर्यादा १.६ मिमी धरली, तर नुसत्या झिजेने व्यास जवळपास १३ मिमीने, म्हणजे दोन टक्क्यांनी घटतो. तेव्हा दोन टक्क्यांचा बाऊ करू नका, एवढा फरक गाडी एरवीही सोसते. तीन टक्क्यांपुढे मात्र दोनदा विचार करा.

स्पीडोमीटरकडेही लक्ष हवं. तो मुळात बरोबर असेल तर ४.२ टक्के मोठ्या टायरवर काटा १०० दाखवताना खरा वेग १०४ असतो. किलोमीटरही कमी मोजले जातात, म्हणून ॲव्हरेज काढताना अंतराला १.०४२ ने गुणा. नाहीतर ॲव्हरेज घटल्याची नाहक ओरड होते.

कंपनीगणिक टायरचा खरा व्यास थोडा बदलतो आणि वजनाखाली तो दबतोही. नेमका आकडा हवा असेल तर हवा बरोबर भरा, चालकाला आत बसवा, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा आणि गाडी सरळ ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्या. जमिनीवरच्या खुणेपासून टायरवरची खूण पुन्हा जिथे टेकली तिथपर्यंतचं अंतर हाच चालता घेर.

खरेदीआधी लोड इंडेक्स (टायर पेलू शकणाऱ्या वजनाचा अंक) आणि स्पीड रेटिंग (त्याच्या वेगमर्यादेचं अक्षर) मूळपेक्षा कमी नाही ना, रिमची रुंदी नव्या टायरला चालते ना, हे पाहा. व्यास २६ मिमीने वाढला की टायर आणि मडगार्डमधली जागा १३ मिमीने कमी होते. टायर बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून तो आतल्या बाजूला कुठे घासत नाही हे तपासा. चारही टायर सारखेच हवेत. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या-मागच्या घेरात फरक राहिला तर मधल्या डिफरेन्शियलवर किंवा कपलिंगवर सतत ताण येतो.

ऑफ-रोडसाठी १० टक्क्यांहून मोठे टायर घालणार असाल तर क्राउन-पिनियन, म्हणजे ॲक्सलमधली फायनल ड्राइव्हची गिअरजोडी, बदलणं हाच खरा उपाय. व्यास ७०३.५ मिमीवरून ७८७ वर नेलात तर ४.१० × ७८७ ÷ ७०३.५ = ४.५९, म्हणून ४.५६ चा सेट जवळचा. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर दोन्ही ॲक्सलमध्ये एकाच गुणोत्तराचा सेट घाला. एकच बदलून फोर-व्हील लावलं तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतात आणि दोन्ही ॲक्सलना ताकद वाटून देणारा ट्रान्सफर केस तुटू शकतो. स्पीडोमीटरचा सेन्सर गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवर असेल तर या बदलाने काटाही जवळपास जागेवर येतो. वेग चाकांवरच्या एबीएस सेन्सरवरून मोजला जात असेल तर क्राउन-पिनियनचा त्याच्याशी संबंध नाही, तिथे नवा टायर आकार ईसीयूमध्येच (गाडीच्या कंट्रोल कॉम्प्युटरमध्येच) भरावा लागतो.