आईचं रक्त डिमेन्शियाच्या जीन-अभ्यासाला द्यायचंय? आधी आत्याला फोन लावा

डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश; त्याच्या अभ्यासाला आमच्या आईच्या रक्ताचं सँपल मागच्या वर्षी दिलं, तेव्हा नीट सांगणारं कोणी नव्हतं म्हणून लिहितेय. द्यायचंच कशाला, तर या विषयातला आजवरचा बहुतेक डेटा युरोपियन वंशाच्या लोकांचा आहे. एपीओई-ई४ हा जीनचा प्रकार असला की अल्झायमरचा (डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) धोका वाढतो, पण जपान्यांमध्ये तो जास्त वाढलेला दिसतो आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांत कमी, मग आपलं काय ते आपलंच रक्त तपासून कळणार ना. जीनोम इंडिया या भारतातल्या प्रकल्पाने १०,००० जणांचे जीनोम (सगळ्या जीन्सचा संच) वाचले, पण ते निरोगी लोकांचे. भारतात साठीपुढच्या साधारण ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे असा अंदाज आहे.

रक्त काढणं पाच मिनिटांचं काम, खरी मेहनत वंशावळीची. आजोबा-पणजोबांपर्यंत जा, मूळ गाव लिहा, मामाच्या मुलीशी वगैरे लग्न झालं असेल तर लपवू नका, त्याला महत्त्व असतं. आणि नातेवाइकांना "डिमेन्शिया होता का" असं विचारू नका, उत्तर "नाही"च येतं. जेवून परत जेवायला मागायचे का, रात्री उठून गावाला निघायचे का, असं विचारा. आमची सासवडची आत्या म्हणाली, "छे गं, अप्पा नुसते म्हातारचळले होते," आणि पुढे सांगते काय तर पंचावन्नाव्या वर्षीच ते मंडईतून घरी यायची वाट विसरले!! हे वय नक्की लिहा, कारण पासष्टीच्या आत सुरू झालं तर पीएसईएन१ सारख्या एकाच जीनमधल्या बिघाडाची शंका घेतात.

स्मरणशक्तीच्या चाचणीला सकाळीच न्या, चष्मा आणि कानाचं मशीन विसरू नका, प्रश्न मराठीतच विचारा म्हणावं. शिक्षण खरं सांगा. आई चौथी शिकलेली, घड्याळाचं चित्र काढा म्हटल्यावर पेन्सिल हातात घेतानाच लाजली, त्याचे मार्क कापले तर काय अर्थ.

संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा: रिझल्ट घरी कळवणार का, डेटा बाहेर कोणाला देणार, मधेच नाव काढता येतं का. ई४ निघालं तरी आजार होईलच असं नसतं, त्यामुळे भावंडांना कळायला हवंय की नको ते घरात आधीच बोलून घ्या, आमच्याकडे यावरून दोन दिवस अबोला होता.

पेशंटला समजत नसेल तर जवळचा माणूस सही करतो. तरी तिला विचाराच. आमची म्हणाली, "घ्या रक्त, पण आधी चहा." उपाशीपोटी बोलावलं नसेल तर द्या की.