घरातली सायकल: आधी सीट नीट लावा

बेळगावात पाऊस एकदा लागला की येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे पहाटे सायकल मारणं बंद होतं. खानापूरकडच्यांना तर गणपतीपर्यंत रस्ता कोरडा दिसत नाही. मग घरात जागेवर चालवायची व्यायामाची सायकल येते आणि श्रावण संपायच्या आत कोपऱ्यात जाते. लोक म्हणतात आळस. मी म्हणतो, गुडघा बघा.

माझाही गेला होता. ‘दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत’ असं जिममध्ये सांगितलं, म्हणून सीट खाली ठेवली. तीन आठवड्यांत जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीत कळ यायला लागली. ‘सवय होईल’ म्हणाले. झाली नाही. पाय टेकायचा नियम रस्त्यावर सायकल शिकणाऱ्या पोरांसाठी आहे, पडू नयेत म्हणून. घरातली सायकल पडत नाही. हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका.

सीट अशी लावा. चालवताना घालणार तेच बूट घालून बसा. एक पेडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा, पण त्यासाठी कंबर एका बाजूला कलता कामा नये. आता टाचेऐवजी चवडा ठेवा. गुडघा आपोआप थोडा वाकतो, साधारण 25 ते 35 अंश. हीच तुमची उंची. पाच मिनिटं चालवा आणि घरातल्या कुणाला तरी मागून बघायला सांगा. कंबर डुलत असेल तर सीट वर आहे. पुढे काही दिवसांनी गुडघा समोरून दुखला तर सीट किंचित वर घ्या, मागून दुखला तर खाली. एका वेळी सीटच्या दांड्याचं एकच भोक, मग दोन दिवस थांबा.

सीट पुढे-मागे लावायला गवंड्याचा ओळंबा आठवा. दोन्ही पेडल एका पातळीत आणा, एक पुढे, एक मागे; दोरीला नट बांधा आणि पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून सोडा. दोरी पुढच्या पेडलच्या आसावर आली पाहिजे.

हँडल सीटच्या बरोबरीला किंवा थोडं वर.

पहिले दोन आठवडे दिवसाआड वीस मिनिटं पुरे. मिनिटाला 80 च्या आसपास फेरे आणि अख्खं वाक्य बोलता येईल इतकाच दम. जड करून हळू रेटण्यात मर्दुमकी नाही, त्यात गुडघाच भरडतो. समोर पंखा हवाच, दमट हवेत घाम वाळत नाही. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

फ्लायव्हील, म्हणजे सायकलचं जड चाक, थेट पेडलला जोडलेलं असेल तर पाय एकदम थांबवू नका, चाक पाय ओढून नेतं. वेग कमी करत या, किंवा ताण कमी-जास्त करायचा नॉब दाबून ब्रेक लावा.

सीटच्या दांड्यावरचा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. आमच्याकडे माझा 7, आईचा 4. ती चालवून उठली की मी आधी आकडा बघतो, मगच बसतो.